ट्रान्सफर केसची तेलगळती: सीलला हात लावण्याआधी आणि नंतर

नागपूर जिल्ह्यातल्या काटोलजवळच्या संत्र्याच्या बागेत राबणाऱ्या आमच्या जुन्या फोर-बाय-फोर पिकअपचे ट्रान्सफर केसचे मागचे ऑइल सील (फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी) एकाच पावसाळ्यात तीनदा बदलावे लागले. दोनदा ते काम शहरातल्या एका गॅरेजने केले आणि दोन्ही वेळा नवे सील महिन्याभरात पुन्हा ओले झाले. तिसऱ्या वेळी मी स्वतः टॉर्च घेऊन गाडीखाली शिरलो, केसवरून वर गेलेली ब्रीदरची, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेची, रबरी नळी सोडवली आणि तिच्यात फुंकर मारून पाहिली, तर हवा तसूभरही पुढे जाईना. नळीचे टोक कापल्यावर आत कुंभारीण माशीने बांधलेले मातीचे घर निघाले, चांगले बोटाच्या पेरभर लांब आणि विटेसारखे टणक. तीन सिले, तीनदा तेल आणि दोनदा मजुरी गेली ती त्या माशीपायी. म्हणून या लेखात सील बसवण्याच्या कृतीइतकीच जागा सील का गळते हे शोधण्याला दिली आहे.

ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सच्या पाठीशी जोडलेला तो दुसरा डबा, जो इंजिनाची ताकद मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही प्रॉपेलर शाफ्टकडे, म्हणजे चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्यांकडे, वाटून देतो आणि 2एच (दोन चाकांना ताकद), 4एच (चारही चाकांना, नेहमीच्या वेगासाठी) व 4एल (चारही चाकांना, कमी वेग आणि जास्त जोर) असे टप्पे पुरवतो. महिंद्रा बोलेरो कॅम्पर, टाटा झेनॉन, इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स या गाड्यांच्या फोर-व्हील-ड्राइव्ह आवृत्त्यांमध्ये हा डबा असतो, टू-व्हील-ड्राइव्ह पिकअपमध्ये तो नसतो. आतमध्ये गिअर किंवा रुंद साखळी असते, आणि बहुतेक गाड्यांत तेल जेमतेम एक ते दोन लिटर मावते. इंजिनात चार-सहा लिटरांतून पाव लिटर गेले तर फारसे बिघडत नाही, पण येथे तेवढेच गेले तर आतल्या तेलाचा मोठा हिस्सा गेलेला असतो, शिवाय तेल कमी झाल्याचा दिवा डॅशबोर्डवर सहसा लागत नाही. थेंबांकडे दुर्लक्ष करणे म्हणून महागात पडते.

गळती खरोखर कुठून आहे

गाडी धावत असताना वारा तेलाला मागे ढकलतो, त्यामुळे ओला भाग दिसतो तेथेच गळती असेल असे नाही. इंजिनाच्या मागच्या सीलमधून आलेले तेलही वाहत वाहत ट्रान्सफर केसच्या पोटाला लटकलेले सापडते. आधी डिझेल किंवा डिग्रीझर आणि ब्रश घेऊन गिअरबॉक्सच्या शेवटच्या भागापासून मागच्या शाफ्टपर्यंत सर्व काही लख्ख धुऊन काढावे, कापडाने पुसून कोरडे करावे आणि वाळल्यावर त्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी. मग वीसेक किलोमीटर गाडी चालवून आणावी. पावडर जेथे सर्वांत वर आणि सर्वांत पुढे भिजलेली दिसेल तेथेच उगम आहे, त्याखालचे आणि मागचे सारे ओघळ समजावेत.

तेलाची ओळखही पटवून घ्यावी. काळे आणि पातळ असेल तर बहुधा इंजिन ऑइल, लालसर असेल तर एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड), आणि गंधकासारखा उग्र वास येत असेल तर गिअर ऑइल. नागपूरच्या उन्हाळ्यात एसी पूर्ण वेगाने चालू असतो, तेव्हा गाडीखाली पडलेले थारोळे नुसते पाणी असण्याची शक्यताही मोठी असते. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला तर सकाळी डागाचा रंग आणि नेमकी जागा दोन्ही कळतात.

गळतीची ठिकाणे ठरलेली आहेत. मागच्या आणि पुढच्या आउटपुट शाफ्टची सिले, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्यामधले इनपुट सील, केसच्या दोन अर्ध्या भागांचा सांधा, गिअर बदलणाऱ्या दांड्याचे छोटे सील, स्पीड सेन्सरची ओ-रिंग, आणि भरण्याचे व रिकामे करण्याचे दोन नट. यांतले शेवटचे दोन नट आणि सांध्याचे बोल्ट आधी तपासावेत, कारण ते फुकटात सुटतात. ड्रेन नटाखालचा, म्हणजे रिकामे करण्याच्या नटाखालचा, वॉशर चपटा झालेला असणे किंवा सांध्याचे दोन-तीन बोल्ट सैल असणे हे मी एकाहून जास्त गाड्यांत पाहिले आहे.

त्यानंतर पाळी येते ती ब्रीदरची. गाडी चालताना आतले तेल व हवा तापते, हवा फुगते आणि ब्रीदरमधून बाहेर पडते. ती वाट बंद झाली की दाब सिलाच्या ओठावर येतो आणि नवे कोरे सीलसुद्धा तेल सोडू लागते. उलट तापलेली केस नाल्याच्या थंड पाण्यात उतरली की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बंद असेल तर तेच सील बाहेरचे पाणी आत ओढते. आपल्याकडची काळी माती ओली असताना गुळासारखी चिकटते आणि वाळली की दगड होते, त्यामुळे पावसाळ्यात शेतातून फिरणाऱ्या गाडीचा ब्रीदर चिखलाने बुजणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. टोपीवजा ब्रीदर असेल तर तो काढून रॉकेलमध्ये धुवावा, बोटाने दाबून टोपी हलते का ते पाहावे. नळीचा असेल तर फुंकून पाहावे. शक्य असल्यास नळी लांबवून बॉनेटखाली उंचावर नेऊन बांधावी आणि टोकाला दुचाकीचे छोटे पेट्रोल फिल्टर लावावे. एवढ्यावरच गळती थांबली तर या लेखाचा पुढचा भाग वाचण्याची गरज नाही, फक्त तेलाची पातळी भरून घ्यावी.

इनपुट सीलची फसवणूक

येथे थोडे थांबणे भाग आहे, कारण चुकीच्या ठिकाणी पैसे खर्च होण्याचा हा सर्वांत मोठा मार्ग आहे. गाडी सपाट जागेवर उभी करून ट्रान्सफर केसचा भरण्याचा नट उघडल्यावर तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असावे, करंगळी आत वाकवली तर टोक भिजावे. पण नट उघडताच तेल भसाभस बाहेर आले, आणि गिअरबॉक्सची पातळी पाहिली तर तेथे मात्र तेल कमी निघाले, तर त्याचा अर्थ एकच. मधले इनपुट सील गेले आहे आणि गिअरबॉक्सचे तेल ट्रान्सफर केसमध्ये शिरते आहे. जादा तेल मग मागच्या सिलातून बाहेर पडते आणि दोष मागच्या सिलावर जातो. अशा गाडीचे मागचे सील कितीही वेळा बदलले तरी ते गळणारच, आणि इकडे गिअरबॉक्स हळूहळू कोरडा होत जाणार. काही गाड्यांत दोन्ही डब्यांचे तेल रचनेनेच एक असते, त्यामुळे निष्कर्ष काढण्याआधी गाडीची पुस्तिका पाहावी. तेल वेगवेगळ्या रंगांचे असेल, म्हणजे एकात लाल एटीएफ आणि दुसऱ्यात मधासारखे गिअर ऑइल, तर भेसळ डोळ्यांनीच दिसते.

गाडी उचलणे

हे काम सिमेंटच्या फरशीवर करावे. उन्हात मऊ झालेल्या डांबरात जॅकचा पाय रुततो, आणि काळ्या मातीच्या अंगणाचा तर वरून कोरडी दिसली तरी भरवसा धरू नये. दुसरा पर्याय नसेल तर घोड्यांखाली (उचललेली गाडी टेकवण्याच्या लोखंडी स्टँडखाली) जाड सागवानी फळी टाकावी. चाकांना पुढून-मागून गुटके लावावेत, चासीच्या मजबूत ठिकाणी चार घोड्या बसवाव्यात आणि गाडी खांद्याने हलवून पाहिल्याशिवाय खाली शिरू नये. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली झोपणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

एक बाब विशेष लक्षात ठेवावी. प्रॉपेलर शाफ्ट काढला की गाडी गिअरमध्ये टाकून ठेवण्याला काही अर्थ उरत नाही, कारण इंजिन आणि चाके यांचा संबंधच तुटलेला असतो. जुन्या विलीज जीपमध्ये तर हँडब्रेकच ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाशी असे, म्हणजे शाफ्ट सुटला की हँडब्रेकही गेला. तेव्हा गुटक्यांना पर्याय नाही. सायलेन्सर थंड होऊ द्यावा. तेल कोमट असले की पूर्ण निथळते म्हणून गाडी थोडी चालवून घ्यावी असे पुस्तके सांगतात, पण नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, सावलीत उभ्या गाडीचे तेलही तसे पुरेसे कोमट असते.

तेल काढणे

आधी भरण्याचा नट सोडवावा, मगच रिकामा करण्याचा. हा क्रम कधीही उलटू नये. वरचा नट गंजून बसलेला असेल आणि खालून तेल काढून टाकले, तर गाडी तेथेच कोरडी अडकून राहते आणि ती गॅरेजपर्यंत नेण्याचीही सोय उरत नाही. केस बहुधा अ‍ॅल्युमिनियमची असते, त्यामुळे नट हट्टी असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे आणि नीट बसणाऱ्या सॉकेटनेच तो फिरवावा. लांब पाइप घालून जोर केला तर आटे घासून निघतात.

निघालेले तेल स्वच्छ भांड्यात धरावे आणि उन्हात न्याहाळावे. नटाच्या चुंबकावर राखाडी लेप असणे नैसर्गिक आहे, पण टोचणारे तुकडे किंवा चमचमणारे कण दिसले तर आतले बेअरिंग किंवा साखळी झिजत आहे. तेल दुधाळ चहासारखे दिसले तर पाणी शिरले आहे, अशा वेळी नवे तेल भरून पन्नासेक किलोमीटर चालवून ते पुन्हा बदलावे. जळका वास येत असेल तर केस बराच काळ कमी तेलावर चालली आहे असे समजावे.

जुने तेल गटारात ओतू नये, नाग नदीच्या वाट्याला आधीच पुरेसे आले आहे. वापरलेले तेल 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते डब्यात भरून, अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी तेल देणाऱ्या गॅरेजकडे सोपवावे.

शाफ्ट, फ्लँज आणि जुने सील

प्रॉपेलर शाफ्ट सोडवण्याआधी त्याच्या आणि फ्लँजच्या (केसच्या तोंडाशी असलेल्या, शाफ्ट बोल्टने जोडला जातो त्या चकतीच्या) कडेवर पांढऱ्या रंगाने एक सरळ रेघ ओढावी. शाफ्ट समतोल करून बसवलेला असतो आणि जोडताना तो फिरला तर साठ-सत्तरच्या वेगाला सारी गाडी थरथरू लागते. बोल्ट काढल्यावर शाफ्ट नुसता लोंबकळू न देता तारेने चासीला बांधावा, आणि क्रॉसच्या (शाफ्टच्या टोकाच्या वळत्या सांध्यातल्या फुलीच्या) टोप्या निसटू नयेत म्हणून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळावी, कारण आतल्या सुया एकदा मातीत पडल्या की क्रॉस नवाच घ्यावा लागतो. काही गाड्यांत फ्लँज नसते, शाफ्टचे टोक सरळ केसमध्ये सरकलेले असते. तेथे शाफ्ट मागे ओढला की सील समोर उघडे पडते आणि काम निम्म्यावर येते.

फ्लँज असेल तर मधला मोठा नट काढावा लागतो. तो नट कडेला ठोकून खाचेत बसवलेला असतो, ती ठोकलेली कड बारीक छिन्नीने आधी उचलावी. फ्लँज फिरू नये म्हणून दोन बोल्टांच्या भोकांत लांब पट्टी अडकवून ती चासीला टेकवावी. नट निघाल्यावर फ्लँज हाताने न आल्यास पुलर (ओढून काढण्याचे हत्यार) वापरावा. मागून हातोडी मारली तर तो घाव थेट बेअरिंगवर जातो.

आता सर्वांत महत्त्वाची चाचणी. उघडा पडलेला शाफ्ट हाताने वर-खाली आणि आडवा हलवून पाहावा. अगदी नकळत हालचाल चालेल, पण टक्-टक् असा स्पष्ट खेळ जाणवला तर बेअरिंग गेलेले आहे. डगमगणाऱ्या शाफ्टवर नवे सील बसवणे म्हणजे पुन्हा महिन्याभराने हेच काम करणे होय. अशा वेळी केस खाली उतरवून बेअरिंगसह पूर्ण उघडावी.

खेळ नसेल तर जुने सील भोकात किती खोल बसले आहे ते पट्टीने मोजून लिहून ठेवावे. मग सील काढण्याच्या आकड्याने, नाहीतर रुंद पेचकसाने, शाफ्टला आणि भोकाच्या आतल्या भिंतीला ओरखडा न पाडता ते उचकटावे. अ‍ॅल्युमिनियमवर पडलेली एक रेघसुद्धा तेलाला पुरेशी वाट देते. जुने सील टाकू नये. त्याच्या तोंडावर क्रमांक कोरलेला असतो, बहुधा आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी अशा मिलिमीटरमधल्या तीन आकड्यांसह. नागपूरजवळच्या वाडी गावाकडच्या स्पेअर पार्टच्या दुकानात तेच सील दाखवावे आणि नव्याचा ओठ बोटाने दाबून तो मऊ आहे याची खात्री करून घ्यावी, कारण वर्षानुवर्षे मांडणीवर पडून राहिलेले रबर कडक झालेले असते.

फ्लँजची मान, म्हणजे जेथे सिलाचा ओठ घासतो तो गुळगुळीत भाग, पुसून त्यावर नख फिरवावे. नख अडकले तर तेथे खाच पडली आहे. पुसट खाच असेल तर नवे सील जुन्यापेक्षा एक-दीड मिलिमीटर कमी-जास्त खोल बसवावे, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर टेकतो, मात्र सिलाच्या मागे तेलाची वाट असेल तर ती झाकली जाणार नाही हे पाहावे. खाच खोल असेल तर पातळ पोलादी स्लीव्ह चढवावी किंवा फ्लँज बदलावी. पॉलिश पेपरने घासून खाच नाहीशी करण्याचा प्रयत्न करू नये, मान बारीक होते आणि गळती वाढते.

नवे सील बसवणे

ज्या बाजूला बारीक स्प्रिंग दिसते ती बाजू तेलाकडे, म्हणजे आत असावी. भोक कोरड्या कापडाने पुसावे. रबरी ओठाला तेच तेल किंवा थोडे ग्रीस लावावे, आणि ग्रीस स्प्रिंगच्या खाचेतही भरावे, म्हणजे ठोकताना स्प्रिंग उडत नाही. मात्र टेफ्लॉनच्या ओठाचे सील असेल आणि त्यासोबतच्या चिठ्ठीत कोरडे बसवण्यास सांगितले असेल तर तसेच करावे.

सिलाच्या बाहेरच्या कडेएवढा पाइपचा तुकडा किंवा मोठे सॉकेट घेऊन सील हलक्या हाताने, चहूबाजूंनी सारखे ठोकत आत न्यावे. ते बसत आले की हातोडीचा आवाज बोदा न राहता ठणठणीत होतो, तेथे थांबावे. एका बाजूने तिरके गेले तर पुन्हा सरळ करण्याच्या भानगडीत न पडता दुसरे सील घ्यावे, सिलाची किंमत त्या मनस्तापापेक्षा फार कमी आहे.

फ्लँज चढवण्याआधी तिच्या आतल्या दात्यांना सिलिकॉन सीलंटचा पातळ हात द्यावा, कारण पुष्कळदा तेल सिलातून न येता दात्यांमधून नटाकडे झिरपत येते आणि सील विनाकारण बदनाम होते. नट नवाच वापरावा, पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळावा आणि कड पुन्हा खाचेत ठोकावी. अंदाजाने आवळलेला नट एक तर सुटतो, नाहीतर बेअरिंगवर ताण आणतो. रंगाच्या रेघा जुळवून शाफ्ट जोडावा आणि क्रॉसच्या निपलांना ग्रीस भरून घ्यावे.

सांधा गळत असेल तर

केसच्या दोन अर्ध्या भागांमधून किंवा इनपुट सीलमधून गळती असेल तर पूर्ण केस उतरवावी लागते. तिचे वजन तीस-चाळीस किलोच्या आसपास भरते, म्हणून गिअरबॉक्सचा जॅक आणि एक धडधाकट मदतनीस हवाच. बटणावर चालणारी फोर-व्हील यंत्रणा असेल तर बॅटरीची ऋण तार सोडवून मगच मोटरचे आणि सेन्सरचे प्लग काढावेत, आणि कोणता प्लग कोठला याचे मोबाइलवर फोटो घेऊन ठेवावेत. जुना सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावा, धातूच्या पात्याने नव्हे. दोन्ही पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने तेलमुक्त करून सीलंटची तीनेक मिलिमीटर जाडीची अखंड धार बोल्टांच्या भोकांच्या आतल्या बाजूने ओढावी आणि बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. ट्यूबवर लिहिलेला वाळण्याचा वेळ पूर्ण होईपर्यंत तेल भरण्याची घाई करू नये. धार जाड ओढली की जास्त टिकेल ही समजूत चुकीची आहे, आत पिळून निघालेले सीलंटचे तुकडे तेलपंपाच्या जाळीत जाऊन अडकतात. हे काम पहिल्यांदाच करणाऱ्याने एकट्याने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेल भरणे आणि खात्री

कोणते तेल भरावे हे केवळ पुस्तिका ठरवते. काही केसमध्ये एटीएफ लागते, काहींत 75डब्ल्यू-90 किंवा 80डब्ल्यू-90 गिअर ऑइल. साखळी आणि पंप असलेल्या केसमध्ये जाड तेल ओतले तर थंडीच्या सकाळी ते वेळेवर वर पोहोचत नाही. गळती कमी व्हावी म्हणून मुद्दाम जाड तेल भरण्याचा जो सल्ला दिला जातो तो या कारणाने ऐकू नये. ड्रेन नट नव्या वॉशरसह आवळून, गाडी चारही बाजूंनी सारखी उचललेली असतानाच हातपंपाने तेल भरावे. पुढचा किंवा मागचाच भाग उंच असेल तर पातळी खोटी दिसते. भोकातून तेल बारीक धारेने परत येऊ लागले की पंप थांबवावा, धार थेंबांवर येऊ द्यावी आणि नट लावावा.

पहिली फेरी 2एचमध्ये दहाएक किलोमीटरची घ्यावी. 4एच आणि 4एल तपासायचे असतील तर ते मातीच्या किंवा मुरमाच्या रस्त्यावर तपासावे. साध्या पार्ट-टाइम (हवी तेव्हाच फोर-व्हील लावण्याच्या) यंत्रणेत कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून वळण घेतले की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी भांडतात आणि तो ताण आपण आत्ताच जोडलेल्या भागांवर येतो. परत आल्यावर सील पुसावे. जोडणीच्या वेळचे ग्रीस वितळून पहिल्या दिवशी थोडी ओल दिसू शकते, ती दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसली तरच काळजी करावी.

शंभर किलोमीटरनंतर पातळी आणि फ्लँजचे बोल्ट, आणि पाचशेनंतर पुन्हा एकदा पातळी पाहावी. आमच्या गाडीच्या केसवर मी तेल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर ऑइल पेंटने लिहून ठेवतो. मृग बहाराची संत्री कळमना बाजारात पोहोचवून झाली की गाडीखाली रात्रभर पुठ्ठा टाकतो आणि ब्रीदरच्या नळीत एक फुंकर मारतो.